चित्रकथा-मालिकांचे क्रमांकन आणि डिजिटल आवृत्त्या : ग्रंथालय व संशोधनाच्या दृष्टीने एक विचार

प्रस्तावना

चित्रकथा अर्थात कॉमिक्स हा प्रकार आपल्याकडे दीर्घकाळ केवळ बालवाचनाच्या कक्षेत ठेवला गेला. गेल्या काही दशकांत मात्र इतिहास, समाजशास्त्र, भाषांतरविद्या आणि माध्यमविद्या या शाखांतील अभ्यासक तिच्याकडे साधनसामग्री म्हणून पाहू लागले आहेत. असा अभ्यास हाती घेतला की पहिली अडचण सिद्धांताची येत नाही, ती अगदी साधी असते. आपल्या हातातील अंक नेमका कोणता? मुखपृष्ठावर एक क्रमांक असतो, प्रकाशकाच्या सूचीत दुसरा आढळतो आणि भ्रमणध्वनीवरील डिजिटल प्रतीत कधी तिसराच दिसतो, तर कधी क्रमांकच नसतो.

प्रस्तुत लेखिकेने एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी पौराणिक चित्रकथांची एक सारणी तयार केली होती. त्या सारणीत काही शीर्षके दोनदा मोजली गेली. जुन्या क्रमांकाची प्रत आणि नव्या क्रमांकाची प्रत ही दोन स्वतंत्र पुस्तके आहेत, असे गृहीत धरल्याने ही चूक झाली होती व ती सर्वस्वी लेखिकेचीच होती. मार्गदर्शकांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तेव्हा ती उघड झाली. सारणी दुरुस्त झाली. परंतु काही वर्षांनी त्याच जुन्या प्रती पुन्हा पाहण्यासाठी ज्या ग्रंथालयात त्या होत्या तेथे गेल्यावर असे समजले की, त्या ‘दुबार प्रती’ म्हणून निर्लेखित झाल्या आहेत. लेखिकेने एकास दोन मानले होते, ग्रंथालयाने दोहोंस एक मानले. दोन्ही चुकांचे मूळ एकच होते, ते म्हणजे क्रमांक कशाचा निर्देश करतो याविषयीची अस्पष्टता. पहिली चूक खोडता आली, दुसरी आता खोडता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर चित्रकथांच्या क्रमांकनाच्या पद्धती समजून घेणे, डिजिटल आवृत्त्यांमुळे त्यांत झालेला बदल पाहणे आणि महाविद्यालयीन स्तरावर पाळता येईल अशी नोंदीची एक सोपी रीत सुचविणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. विवेचन वर्णनात्मक पद्धतीचे असून मुख्यतः मुंबईहून निघालेल्या दोन मालिकांवर आधारलेले आहे.

नागपूरच्या वाचकाचा संदर्भ

हा प्रश्न नागपुरात विशेष जाणवतो. १९५६ पर्यंत मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी असलेल्या या शहरात दोन्ही भाषांचे वाचन एकाच घरात चालत आले आहे. त्यामुळे येथील एखाद्या जुन्या संग्रहात मुंबईचे मराठी ‘इंद्रजाल’, इंग्रजी वा मराठी ‘अमर चित्र कथा’ आणि दिल्लीचे हिंदी ‘राज कॉमिक्स’ एकाच गठ्ठ्यात सापडणे अशक्य नाही. या तीन प्रकाशनांच्या क्रमांकनाच्या तऱ्हा मात्र तीन आहेत. एकीचा नियम दुसरीस लावला की गोंधळ अटळ ठरतो.

क्रमांक म्हणजे नेमके काय?

प्राध्यापकवर्गास ‘आयएसबीएन’ आणि ‘आयएसएसएन’ हे दोन शब्द चांगलेच परिचित आहेत, शोधनिबंधांच्या गुणांकनाने ते घराघरांत पोहोचविले आहेत. ‘आयएसबीएन’ हा एखाद्या पुस्तकाच्या विशिष्ट आवृत्तीस मिळतो. आठ अंकी ‘आयएसएसएन’ हा नियतकालिकाच्या संपूर्ण मालिकेस मिळतो, तिच्यातील एखाद्या अंकास नव्हे. चित्रकथा या दोहोंच्या मध्ये उभी असते. ती नियतकालिकाप्रमाणे ठरावीक काळाने निघते व क्रमांक धारण करते, परंतु पुस्तकाप्रमाणे स्वयंपूर्ण असते आणि पुनःपुन्हा छापली जाते. नियतकालिकाचा मागील महिन्याचा अंक सहसा पुन्हा छापला जात नाही. चित्रकथेचा तीस वर्षांपूर्वीचा अंक मात्र नव्या किमतीने व नव्या मुखपृष्ठाने दुकानात परत येतो.

अशा प्रकाशनात क्रमांकाकडून तीन वेगवेगळी कामे अपेक्षिली जातात. पहिले काम प्रकाशनाचा कालानुक्रम दाखविण्याचे, दुसरे विक्रेता व वर्गणीदार यांना हिशेब ठेवता यावा यासाठीचे आणि तिसरे वाचनाचा क्रम सांगण्याचे. वाचक क्रमांकाकडे तिसऱ्या कामासाठी पाहतो, प्रकाशक मात्र तो मुख्यतः दुसऱ्या कामासाठी देतो. गैरसमजाचे बीज येथेच आहे.

मराठी वाचकास ही गोष्ट नवीन नाही. आपल्या मासिकांचे ‘वर्ष’ जानेवारीतच सुरू होते असे नाही, ते ज्या महिन्यात मासिक निघाले त्या महिन्यापासून मोजले जाते. दिवाळीत ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक निघतो आणि एकाच पुस्तकावर दोन अंकांचे क्रमांक पडतात. नवख्या ग्रंथालय सहायकास त्या वर्षाचा एक अंक ‘गहाळ’ वाटतो, वस्तुतः तो गहाळ नसतो, जोडलेला असतो. चित्रकथांच्या बाबतीत हीच गुंतागुंत अधिक वाढते.

‘इंद्रजाल’ : क्रम न तुटता बदललेली मोजणी

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठी वाचकांना ‘वेताळ’ या नावाने भेटला आणि मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन यांच्याबरोबर आबिद सुरती यांनी निर्माण केलेला ‘बहादूर’ही १९७६ पासून या मालिकेत आला. इंग्रजीसह मराठी व अन्य भारतीय भाषांत ही मालिका निघत असे. आरंभी मासिक असलेले हे प्रकाशन पुढे पाक्षिक व अखेरीस साप्ताहिक झाले.

या मालिकेचे अंक १ पासून ४४३ पर्यंत सरळ क्रमांकाने मोजले गेले. त्यानंतर १९८३ मध्ये मोजणीची पद्धतच बदलली आणि ‘खंड २०, अंक १’ असा नवा निर्देश सुरू झाला. ४४३ नंतर एकदम २० हा आकडा पाहून वाचक बुचकळ्यात पडतो. परंतु १९६४ हे पहिले वर्ष धरले तर १९८३ हे विसावे वर्ष येते, म्हणजे हा आकडा मालिकेच्या वयाचा आहे. १९९० मध्ये ‘खंड २७, अंक १६’ येथे मालिका थांबली.

या माहितीवरून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ४४४ क्रमांकाचा ‘इंद्रजाल’ शोधणे व्यर्थ आहे, तसा क्रमांक छापलाच गेला नाही. संग्रह ४४३ वर संपला म्हणून मालिका संपली, असेही समजू नये. दुसरा निष्कर्ष एकूण संख्येविषयीचा आहे. दोन्ही मोजण्या एकत्र केल्या तर मालिकेचे अनुक्रम ८०५ पर्यंत पोहोचतात, पण प्रत्यक्षात निघालेले अंक ८०३ आहेत. टाइम्स समूहातील संपामुळे क्रमांक १२३ व १२४ निघाले नाहीत आणि पुढील अंकास १२५ हाच क्रमांक मिळाला. संपूर्ण संच असलेल्या संग्राहकाजवळही हे दोन अंक नसतात. ज्या नोंदवहीत यांची नोंद ‘गहाळ’ अशी आहे, ती नोंद अस्तित्वातच नसलेल्या वस्तूच्या हानीची आहे.

‘अमर चित्र कथा’ : अकरापासून सुरू झालेली मालिका

‘इंद्रजाल’च्या आरंभाशी टाइम्स समूहात असताना अनंत पै यांचा संबंध आला होता. पुढे १९६७ मध्ये त्यांनी इंडिया बुक हाऊसतर्फे ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. या मालिकेतील पै यांची पहिली भारतीय कथा ‘कृष्ण’ होय. तिची चित्रे राम वाईरकर यांची आहेत आणि तिचा क्रमांक १ नसून ११ आहे. याचे कारण असे की, पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांच्या भाषांतरांनी आधीच व्यापले होते. ज्यास आपण भारतीय पौराणिक चित्रकथेचा आरंभ म्हणतो, तो क्रमांकाच्या दृष्टीने अकरावा आहे. ‘१ ते १० मिळत नाहीत’ अशी खंत बाळगणाऱ्या संग्राहकास हा खुलासा उपयोगी पडावा.

पुढे या मालिकेची जुनी शीर्षके नव्या रूपात पुनर्मुद्रित होऊ लागली, तेव्हा त्यांना ५०१ पासून नवे क्रमांक देण्यात आले. ‘कृष्ण’ ११ होते, ते ५०१ झाले. नव्या मांडणीत ५०१ नंतरचा क्रम हा मूळ प्रकाशनाचा कालक्रम नाही. त्यामुळे एखाद्या अभ्यासकाने ५०० च्या पुढील क्रमांक पाहून ‘हे शीर्षक नंतरच्या काळातील’ असा निष्कर्ष काढला तर तो फसेल. प्रस्तुत लेखिकेच्या सारणीत घडले ते हेच.

१९८५ ते १९८९ या काळात याच प्रकाशनाने ‘महाभारत’ ४२ भागांत काढले. त्या भागांना १ ते ४२ असा स्वतःचा अंतर्गत क्रम आहे. हेच भाग पुढे तीन जाड खंडांत एकत्र बांधले गेले. म्हणजे ‘महाभारत, क्रमांक २’ एवढाच संदर्भ दिला तर वाचकाने दुसरा भाग पाहावा की दुसरा खंड, हे कळत नाही. २००७ मध्ये ही मालिका एसीके मीडियाकडे गेली. तिच्या बालमासिकाचा, ‘टिंकल’चा आणि ‘टिंकल डायजेस्ट’चाही क्रम परस्परांहून स्वतंत्र आहे.

‘राज कॉमिक्स’ : समांतर चालणारे दोन क्रम

दिल्लीच्या ‘राज कॉमिक्स’मध्ये क्रमांक नायकाचा नसून प्रकाशनाचा असतो. नागराजाच्या दोन लागोपाठच्या कथांमध्ये अन्य नायकांचे अंक येऊन गेलेले असतात, म्हणून नागराजाच्या क्रमांकांत मोठी अंतरे दिसतात. ती त्रुटी नव्हे. शिवाय अधिक पृष्ठांचे ‘विशेषांक’ स्वतंत्र क्रमाने मोजले जातात, त्यामुळे एकच आकडा साधारण अंकावर आणि विशेषांकावर असा दोनदा येतो. अलीकडच्या काळात ही जुनी पुस्तके एकाच परिवारातील वेगवेगळ्या प्रकाशन-नावांनी पुन्हा निघू लागल्याने प्रकाशकाच्या नावाची काटेकोर नोंद आवश्यक झाली आहे.

येथे एक बाब लक्षणीय वाटते. १९८६ मध्ये अवतरलेल्या नागराजाची आरंभीची चित्रे पुण्याचे प्रताप मुळीक यांची आहेत. त्यांनीच ‘अमर चित्र कथे’चीही अनेक पुस्तके चित्रित केली. मराठी चित्रकारांच्या कार्याचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकास क्रमांकावरून हा दुवा कधीच सापडणार नाही. चित्रकाराचे नाव नोंदीत असेल तरच तो सापडेल.

परदेशातील उदाहरण

हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९३८ मध्ये सुरू झालेले ‘ॲक्शन कॉमिक्स’ २०११ मध्ये ९०४ अंकांवर पोहोचले होते. त्या वर्षी प्रकाशकाने नव्या वाचकांना आकर्षित करण्यासाठी पुन्हा १ पासून मोजणी सुरू केली. असे ५२ अंक निघाल्यावर २०१६ मध्ये पुढील अंकास थेट ९५७ हा क्रमांक देण्यात आला, कारण ९०४ आणि ५२ मिळून ९५६ होतात. २०१८ मध्ये हजारावा अंक समारंभपूर्वक निघाला. पहिला अंक विकत घेण्याची वाचकास हौस असते आणि हजाराव्या अंकाचा त्यास अभिमान वाटतो. प्रकाशकाने एकाच मालिकेत दोन्ही भावनांचा लाभ घेतला. मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशनाने २०१७ मध्ये अनेक मालिकांची मूळ मोजणी परत आणली आणि पुढे नव्या क्रमांकाशेजारी लहान अक्षरांत एकत्रित क्रमांकही छापण्याची रीत स्वीकारली. ‘दोन्ही क्रमांक शेजारी ठेवावेत’ हे तत्त्व आपणही घेण्यासारखे आहे.

डिजिटल आवृत्त्यांनी काय बदलले?

छापील चित्रकथेत क्रमांक बदलतो, पण निदान मुखपृष्ठावर टिकून राहतो. डिजिटल आवृत्तीत चार नव्या अडचणी उद्भवतात.

पहिली अडचण प्रकाशनाच्या एककाची. काही मालिका आधी लहान डिजिटल प्रकरणांत निघतात व नंतर छापल्या जातात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इनजस्टिस’ या मालिकेच्या पहिल्या वर्षाची ३६ डिजिटल प्रकरणे छापील १२ अंकांत सामावली. डिजिटल प्रकरण १० आणि छापील अंक १० यांत त्यामुळे मोठे अंतर आहे.

दुसरी अडचण अपूर्ण रूपाची. डिजिटल प्रतीत पुष्कळदा केवळ कथेची पृष्ठे असतात. मागील पृष्ठावरील जाहिरात, वाचकांची पत्रे, किंमत व मुद्रकाचे नाव गळून पडते. कथा वाचणाऱ्यास त्याचे काही वाटत नाही, परंतु सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकासाठी नेमके तेच साधन असते.

तिसरी अडचण मालकीची. ॲमेझॉनने २०१४ मध्ये ‘कॉमिक्सॉलॉजी’ हे चित्रकथांचे मोठे डिजिटल दालन विकत घेतले आणि २०२३ च्या अखेरीस त्याचे स्वतंत्र ॲप बंद करून ते किंडलमध्ये विलीन केले. अशा सेवांवर घेतलेली प्रत बहुधा विकत मिळत नाही, वाचण्याचा परवाना तेवढा मिळतो. सेवा बदलली की मांडणी व क्रम बदलतात आणि ग्रंथालयाच्या कपाटात काहीच उरत नाही.

चौथी अडचण अगदी क्षुल्लक भासते, पण रोजच्या कामात तीच जास्त छळते. अनेक संगणक धारिकांची नावे अक्षरक्रमाने लावतात, त्यामुळे १, १०, १००, २ असा क्रम लागतो. क्रमांक ००१, ००२, ०१० असे तीन अंकी लिहिले तर हा दोष टळतो. तसेच एकाच संग्रहात काही आकडे देवनागरी व काही रोमन ठेवू नयेत, अन्यथा क्रम पुन्हा बिघडतो.

डिजिटल माध्यमाविषयी तक्रार करणे हा यामागील हेतू नाही. बालभारतीने १९७१ पासूनच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक महाजालावर विनामूल्य खुले केले आहेत. तेथे अंक हेच एकक राहिले आहे आणि छापील अंकाचे महिना व वर्ष हेच त्याच्या शोधाचे साधन आहे. त्यामुळे डिजिटल प्रतीवरून मूळ छापील अंकापर्यंत जाता येते. मूळ क्रमाचा धागा जपला तर माध्यम बदलूनही संदर्भ अबाधित राहतो, हे यावरून दिसते.

कायद्याची बाजू

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी एखाद्या कृतीची इलेक्ट्रॉनिक साठवण करता येते. मात्र त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाजवळ आधीपासून असली पाहिजे. आपले महाविद्यालयीन ग्रंथालय या तरतुदीत कितपत बसते, हे योग्य सल्ला घेऊनच ठरवावे. परंतु तरतुदीतील विचार स्पष्ट आहे. कागदी प्रत ही जतनाच्या अधिकाराची पूर्वअट आहे. म्हणून जी जुनी प्रत ‘दुबार’ समजून निर्लेखित होते, तिच्याबरोबर तिचे डिजिटल जतन करण्याचा मार्गही बंद होतो. महाजालावर हौशी संग्राहकांनी ठेवलेल्या प्रतींचा आधार घ्यावा तर त्यांची कायदेशीर बाजू संदिग्ध असते आणि पृष्ठे पूर्ण असल्याची शाश्वती नसते.

नोंदीची एक सोपी रीत

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगते. त्याच भूमिकेतून पुढील रीत सुचवावीशी वाटते. ती दाखलनोंद वहीत, संगणकीय तालिकेत आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकेतही सारखीच वापरता येईल.

१. मुखपृष्ठावरील क्रमांक जसा छापला आहे तसाच लिहावा, मनाने दुरुस्त करू नये.
२. अन्य क्रमांक ज्ञात असल्यास तो ‘पर्यायी क्रमांक’ म्हणून शेजारी द्यावा. उदाहरणार्थ, ‘कृष्ण’ : ५०१, पर्यायी ११.
३. कथेचे शीर्षक, भाषा आणि प्रकाशकाचे नाव द्यावे.
४. लेखक व चित्रकार यांची नावे, छापली असल्यास, अवश्य द्यावीत.
५. मुद्रणवर्ष आढळल्यास द्यावे, न आढळल्यास छापील किंमत द्यावी. किमतीवरून मुद्रणाचा काळ पुष्कळदा ताडता येतो.
६. माध्यम स्पष्ट करावे. डिजिटल असल्यास सेवेचे नाव, प्रकरण की अंक आणि पाहिल्याचा दिनांक नोंदवावा.
७. निघालाच नाही अशा अंकापुढे ‘गहाळ’ न लिहिता ‘अप्रकाशित’ असे लिहावे.

ही रीत सर्वस्वी नवीन आहे असा दावा नाही. एकाच नियतकालिकाच्या छापील व ऑनलाइन रूपांना निरनिराळे ‘आयएसएसएन’ मिळू लागले, तेव्हा त्यांना जोडणारा एक सामाईक क्रमांक २००७ च्या आंतरराष्ट्रीय मानकात आणावा लागला. जोडणारा दुवा नोंदविणे हाच त्यामागील विचार होता. वरील रीतीत तोच विचार एका वहीच्या रकान्यात आणला आहे.

समारोप

चित्रकथेवरील क्रमांक हा कथेचा गुणधर्म नाही, ती प्रकाशकाने विशिष्ट वेळी विशिष्ट हेतूने केलेली खूण आहे. हेतू बदलला की खूण बदलते, आणि माध्यम बदलले की ती पुसलीही जाते. म्हणून क्रमांकास नाकारू नये आणि केवळ त्याच्यावर विसंबूही नये. क्रमांक, शीर्षक, भाषा, चित्रकार व मुद्रणकाल यांनी मिळूनच एका प्रतीची ओळख सिद्ध होते.

आपल्या महाविद्यालयांत यापुढे ग्रंथपडताळणी होईल, तेव्हा निर्लेखनाच्या यादीत एखादी जीर्ण चित्रकथा आढळल्यास तिची नव्या प्रतीशी पृष्ठे, किंमत व मुखपृष्ठ यांसह एकदा तुलना करून पाहावी, एवढीच सहकारी प्राध्यापक व ग्रंथपाल यांना विनंती आहे. या कामास एका प्रतीमागे पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे वेळेवर न दिल्याने एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेतील पुरावा कायमचा नाहीसा होऊ नये.